एकच स्फोट, तीन वेळा दिसलेला? गुरुत्वीय भिंग आणि गॅमा किरणांचं कोडं

आजच्या विषयात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक म्हणजे गुरुत्वीय भिंग. एखाद्या जड वस्तूच्या मागून येणारा प्रकाश तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे वळतो आणि ती वस्तू भिंगासारखं काम करते. दुसरी गोष्ट म्हणजे आकाशात कुठेतरी क्षणभर चमकून जाणारे गॅमा किरणांचे स्फोट. १९८६ साली एका माणसाने या दोन्ही गोष्टी एकाच छोट्या शोधनिबंधात आणल्या. त्या निबंधातलं मुख्य विधान तेव्हा बहुतेकांना पटलं नाही, आणि अकरा वर्षांनी ते खरं निघालं. विधानाला आधार म्हणून दिलेलं उदाहरण मात्र साफ चुकलं. पाठ्यपुस्तकात पहिला भाग येतो, दुसरा गळून जातो. मला दुसऱ्यात जास्त रस आहे, म्हणून आज तो सविस्तर सांगणार आहे.

पण सुरुवात खगोलशास्त्राने नाही, राजकारणाने करावी लागेल. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी एक करार केला: वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करायच्या नाहीत. करार केला खरा, पण एकमेकांवर विश्वास कोणाचाच नव्हता. समोरच्याने चंद्राच्या पलीकडे जाऊन गुपचूप स्फोट केला तर? या धास्तीपोटी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. पृथ्वीपासून सुमारे एक लाख किलोमीटरवर ते फिरत, आणि त्यांच्यावर क्ष-किरण, गॅमा किरण, न्यूट्रॉन टिपणारी उपकरणं होती.

२ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांची एक लाट नोंदवली. तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्या नोंदी म्हणजे कागदांचे गठ्ठे. लॉस अलामॉसमध्ये रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे दोघं १९६९ मध्ये ते गठ्ठे चाळायला बसले, तेव्हा त्यांना ही नोंद दिसली. अणुस्फोटाचा आलेख कसा असतो हे त्यांना पाठ होतं. हा आलेख तसा नव्हता. त्याला दोन शिखरं होती. बॉम्ब नाही, एवढं कळलं. मग काय?

पुढच्या वेला उपग्रहांची घड्याळं जास्त काटेकोर होती, त्यामुळे एक नवी गोष्ट शक्य झाली. दोन उपग्रह एकमेकांपासून दोन लाख किलोमीटरवर असले, तर प्रकाशाला ते अंतर कापायला सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग लागतो. लाट आधी कोणाला लागली, नंतर कोणाला, यावरून ती साधारण कोणत्या दिशेने आली ते काढता येतं. तसं काढलं, तर दिशा पृथ्वीची नव्हती आणि सूर्याचीही नव्हती. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या तीन वर्षांत असे सोळा स्फोट सापडले. क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी १९७३ मध्ये ते जाहीर केले. शेजाऱ्यावर पाळत ठेवायला दिवा लावावा आणि त्या उजेडात भलतंच काही दिसावं, तसं हे झालं.

आता अडचण बघा. गॅमा किरण आरशावरून परावर्तित होत नाहीत, आरपार निघून जातात. त्यामुळे नेहमीच्या दुर्बिणीसारखं त्यांचं रेखीव चित्र काढता येत नाही. दिशा कळते ती ढोबळ. त्या ढोबळ तुकड्यात हजारो तारे आणि दीर्घिका असतात. स्फोट काही सेकंदांत संपलेला असतो. मागे बघावं तर काहीच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंतर कळत नाही. काळोख्या रात्री माळावर एक उजेड चमकून गेला. तो समोरच्या झुडपातला काजवा होता की दहा किलोमीटरवरच्या घाटातल्या ट्रकचा दिवा? अंतर माहीत नसेल तर उजेड खरा किती प्रखर आहे ते सांगता येत नाही. गॅमा स्फोटांविषयी शंभराहून जास्त सिद्धांत मांडले गेले, आणि त्यांतला एकही निर्णायकपणे खोडता येत नव्हता, याचं कारण हेच.

तरीही १९८० च्या सुमारास एक सर्वसाधारण समज तयार झाला होता: हे आपल्याच आकाशगंगेतले, तुलनेने जवळचे न्यूट्रॉन तारे असावेत. या समजामागे तर्क होता. जवळ मानलं तर लागणारी ऊर्जा आवाक्यात राहते. दूर मानलं तर ती बेसुमार होते.

आता थोडं भिंगाकडे. हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून भराभर जातो. १९१९ च्या सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वळतो हे दिसलं. १९३६ मध्ये रुडी मांडल नावाचा एक हौशी इंजिनिअर आइन्स्टाइनकडे गेला आणि एक तारा दुसऱ्याचं भिंग होऊ शकेल का, हे गणित प्रसिद्ध कराच म्हणून पाठीस लागला. आइन्स्टाइनने छोटी टीप लिहिली, आणि प्रत्यक्षात हे दिसण्याची आशा नाही असंही त्यात लिहून टाकलं. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी म्हणाला की तारे सोडा, अख्ख्या दीर्घिका भिंगाचं काम करतील आणि ते दिसेल. त्याला बेचाळीस वर्षं थांबावं लागलं, म्हणजे तो स्वतः थांबू शकला नाही. तो १९७४ मध्ये गेला. १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना जेमतेम सहा विकला अंतरावर दोन क्वेसार सापडले, हुबेहूब एकसारखे. ते दोन नव्हतेच. मधल्या दीर्घिकेमुळे एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसत होत्या.

आजच्या विषयाला लागणारा खरा मुद्दा या प्रतिमांच्या वेळेचा आहे. स्वारगेटहून दादरसाठी एकाच मिनिटाला दोन गाड्या सुटल्या, एक द्रुतगती मार्गाने, दुसरी जुन्या रस्त्याने. दादरला त्या एकाच वेळी पोहोचणार नाहीत. भिंगातही तसंच होतं. दोन प्रतिमांचा प्रकाश दोन वेगळ्या वाटांनी येतो. एक वाट लांब असते; शिवाय जड वस्तूच्या जितकं जवळून जावं तितका गुरुत्वाकर्षणामुळेही उशीर होतो. त्या पहिल्या जुळ्या क्वेसारमध्ये हा फरक किती, यावर कित्येक वर्षं भांडण चाललं. अखेर तो ४१७ दिवसांच्या आसपास ठरला. म्हणजे एका प्रतिमेत आज जी चमक दिसली, ती दुसऱ्या प्रतिमेत वर्षाहून जास्त काळाने दिसणार.

हा उशीर मुख्यतः भिंगाच्या वस्तुमानावर ठरतो, आणि त्याचा अंदाज सोपा आहे. सूर्याएवढं वस्तुमान असेल तर उशीर साधारण सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागाएवढा. सूर्याच्या एक हजार कोटी पट वस्तुमान, म्हणजे एखादी दीर्घिका, असेल तर साधारण दोन दिवस. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आता तो माणूस. बोहदान पाचिन्स्की. जन्म १९४० चा, विल्नो शहरातला, म्हणजे आजचं लिथुआनियामधलं विल्नियस. ताऱ्यांच्या अंतर्रचनेवर वॉर्सामध्ये काम करून तो नावारूपाला आला. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा तो अमेरिकेत होता. तो परतला नाही, प्रिन्स्टनला स्थायिक झाला. १९८६ हे त्याचं वर्ष म्हणायला हवं. त्या वर्षी त्याने एका निबंधात सांगितलं की शेजारच्या मॅजेलनी मेघातल्या लाखो ताऱ्यांवर रोज नजर ठेवा. आपल्या आकाशगंगेभोवती काळ्या, न दिसणाऱ्या जड वस्तू असतील, तर त्या भिंगासारख्या आड येतील आणि दर दहा लाखांमागे एखादा तारा काही काळ उजळेल. आइन्स्टाइनने आशा नाही म्हटलेलं तेच हे. १९९३ मध्ये असे तारे सापडले. अदृश्य पदार्थाचं कोडं त्याने सुटलं नाही, पण पद्धत आजही जोरात वापरात आहे. याविषयी स्वतंत्र व्याख्यान होईल.

त्याच वर्षीचा दुसरा निबंध गॅमा स्फोटांवरचा. त्यात पाचिन्स्की म्हणतो: हे स्फोट, निदान त्यांतले बरेचसे, आपल्या आकाशगंगेत नाहीतच. ते क्वेसारांएवढे दूर आहेत, अब्जावधी प्रकाशवर्षांवर. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याने लपवली नाही, सरळ लिहिली. सूर्य त्याच्या साऱ्या आयुष्यात, सुमारे हजार कोटी वर्षांत, जेवढी ऊर्जा देईल, साधारण तेवढी एका सेकंदाच्या आत. अशा ऊर्जेने काय होईल, पदार्थ प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ जाईल, हेही त्याने मांडलं.

आणि मग येतं ते उदाहरण. मार्च १९७९ मध्ये सोव्हिएत यानांवरच्या ‘कोनस’ उपकरणांनी गरुड तारकासमूहाच्या दिशेने तीन स्फोट टिपले होते. त्या जागेचं नाव बी १९००+१४. माझेत्स आणि त्याच्या लेनिनग्राडच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. तिघांचे वर्णपट सारखे, दिशा एक. दोन स्फोटांमधली अंतरं दहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत. आता मघाचा आकडा आठवा. पाचिन्स्कीने तेच गणित केलं. हे तीन स्फोट नाहीतच, तो म्हणाला. हा एकच स्फोट आहे, खूप दूरचा, आणि वाटेतल्या भिंगामुळे आपल्याला तो तीनदा दिसला. उशिरावरून भिंगाचं वस्तुमान काढलं, तर ते सूर्याच्या सुमारे एक हजार कोटी पट येतं. म्हणजे बरोब्बर दीर्घिकेएवढं!

तुम्हीच सांगा, हे ऐकून मान डोलवावीशी वाटते की नाही? स्फोट दूरचा असेल तर वाटेत दीर्घिका येण्याची शक्यता. दीर्घिका आली तर पुनरावृत्ती. पुनरावृत्तीच्या वेळेवरून दीर्घिकेचं वस्तुमान. आणि ते नेमकं जुळतंय. सगळे दुवे एकमेकांत बसतात.

विधानाचं काय झालं ते आधी सांगतो. एप्रिल १९९१ मध्ये नासाची कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅट्सी’ नावाचे गॅमा टिपक बसवले होते आणि ते दिवसाला साधारण एक स्फोट पकडत. पहिल्या १५३ स्फोटांचा नकाशा निघाला आणि जवळच्या न्यूट्रॉन ताऱ्यांची बाजू लंगडी पडली. आपण आकाशगंगेच्या मध्यापासून सव्वीस-सत्तावीस हजार प्रकाशवर्षं दूर आहोत. स्फोट आकाशगंगेतले असते, तर ते एका बाजूला, त्या दुधाळ पट्ट्यात जास्त दिसले असते. ते सगळीकडे सारखे विखुरलेले होते.

तरी वाद मिटला नाही. आकाशगंगेभोवती प्रचंड मोठं वलय कल्पून त्यात न्यूट्रॉन तारे बसवले, की नकाशा समजावता येत होता. २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये जाहीर वादसभा झाली. सभागृह तेच, जिथे १९२० मध्ये शॅप्ली आणि कर्टिस दीर्घिकांच्या अंतरावरून भिडले होते. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून मुद्दाम ते निवडलं होतं. वलयाच्या बाजूने डॉन लॅम्ब, दूरच्या बाजूने पाचिन्स्की, मध्ये मार्टिन रीस. सभेत निकाल लागला नाही. असे निकाल सभेत लागत नसतात. तो लागला फेब्रुवारी १९९७ मध्ये, इटली आणि नेदरलँड्सच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एका स्फोटानंतरची क्ष-किरणांची मंद धग टिपली तेव्हा. मग ला पाल्माच्या दुर्बिणीतून त्याच जागी विझत जाणारा साधा प्रकाश दिसला. त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाच्या प्रकाशाचा वर्णपट केक दुर्बिणीने घेतला, आणि तो अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आला आहे हे पक्कं झालं. पाचिन्स्की जिंकला.

आणि बी १९००+१४? पाचिन्स्कीचा निबंध छापून झाल्यावर लवकरच लोकांच्या लक्षात आलं होतं की काही थोडी ठिकाणं वारंवार स्फोट करतात, त्यांचे गॅमा किरण जरा सौम्य असतात, आणि ती जात वेगळीच आहे. ही जागा त्यांतली होती. २७ ऑगस्ट १९९८ रोजी तिथून असा तडाखा आला की पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचं आयनावरण काही मिनिटं दिवसासारखं भारित झालं. त्या लाटेत ५.१६ सेकंदांचा ठोका होता, फिरणाऱ्या ताऱ्याचा. ती वस्तू निघाली मॅग्नेटार: भयंकर चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा. आणि तो होता आपल्याच आकाशगंगेत! म्हणजे बघा, हे स्फोट जवळचे नाहीत हे पटवायला पाचिन्स्कीने जे उदाहरण निवडलं, नेमकं तेच जवळचं होतं. तीन स्फोट खरोखर तीनच होते. गंमत इथे संपत नाही. १९९२ मध्ये अशाच दुसऱ्या एका, ५ मार्च १९७९ च्या प्रसिद्ध स्फोटाविषयी, हा प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा असावा, असं मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत खुद्द पाचिन्स्की होता.

मग त्या उदाहरणाला काय म्हणायचं? माझं मत असं की ते चुकलं, पण घाईचं नव्हतं. भिंगातून आलेल्या प्रतिमांचा आलेख आणि वर्णपट सारखेच असले पाहिजेत, ही कसोटी त्यातूनच पुढे आली, आणि ती इतकी कडक आहे की तिने उदाहरणं धडाधड गाळली. बॅट्सीच्या शेकडो नोंदी या कसोटीवर तपासल्या गेल्या. वर्षानुवर्षं हाती काही लागलं नाही.

गॅमा किरणांतलं भिंग सापडलं, पण स्फोटांत नाही, दुसरीकडे. काही दीर्घिकांच्या गाभ्यातून सुटणारे झोत थेट आपल्या दिशेने रोखलेले असतात. त्यांना ब्लेझार म्हणतात, आणि ते गॅमा किरणांत मधूनच भडकतात. इथे आपल्याकडचा एक धागा आहे. १९८८ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी धनू राशीतला एक प्रखर रेडिओ स्रोत दाखवला, पीकेएस १८३०-२११. त्याचे दोन भाग दिसत होते, आणि हे भिंग असावं असा त्यांचा कयास होता. तो खरा ठरला. रेडिओ लहरींत दोन प्रतिमांमधला उशीर सुमारे २६ दिवस निघाला. २०१० मध्ये हा स्रोत फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांत भडकलेला दिसला. त्या नोंदींत सुमारे २७ दिवसांचा उशीर दिसतो, असा दावा २०११ मध्ये झाला. दावा करणाऱ्यांत वॉर्साच्या कोपर्निकस केंद्रातली, म्हणजे पाचिन्स्कीच्या जुन्या संस्थेतली, एक संशोधक होती. फर्मीच्या चमूने नंतर त्याच स्रोताची तपासणी केली, तर त्यांना तो उशीर खात्रीने दिसला नाही.

दुसऱ्या स्रोतात मात्र शंका उरली नाही. बी ०२१८+३५७. त्याच्या दोन प्रतिमांमध्ये विकलेच्या एक-तृतीयांश एवढंच अंतर. फर्मीच्या दृष्टीला तो एकच ठिपका. दोन प्रतिमा वेगळ्या दिसण्याचा प्रश्नच नाही. पण वेळ वेगळी दिसते ना! २०१२ मध्ये हा स्रोत लागोपाठ भडकला, आणि प्रत्येक भडक्याचा पडसाद साडेअकरा दिवसांनी उमटला. नेमका आकडा ११.४६ दिवस. दुर्बिणीची नजर अधू असली तरी घड्याळ चांगलं होतं, त्यावर काम भागलं.

दोन वर्षांनी यातून एक सुंदर प्रकार घडला. जुलै २०१४ मध्ये तोच स्रोत पुन्हा भडकला. ला पाल्मावर ‘मॅजिक’ नावाच्या दोन दुर्बिणी आहेत. अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणात शिरले की निळसर चमक उमटते, ती त्या टिपतात. पण तेव्हा नुकतीच पौर्णिमा झालेली. आकाश चांदण्याने उजळलेलं, मॅजिकला काही करता येईना. एरवी संधी हुकली म्हणून हळहळायचं. इथे मात्र त्यांना ठाऊक होतं की साधारण अकरा दिवसांनी हाच खेळ पुन्हा आहे, आणि तेव्हा चंद्र जवळजवळ मावळलेला असेल. ठरल्या रात्री दुर्बिणी रोखल्या, आणि भडका आला. सात अब्ज वर्षांहून जुना प्रकाश, आणि त्याची वेळ आधी सांगता आली!

आता राहिले ते मूळचे स्फोट. मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी, पेंटर, वेबस्टर आणि थ्रेन यांनी, बॅट्सीचे सुमारे २७०० जुने स्फोट नव्याने तपासले. त्यातला एक त्यांना भिंगातून आलेला वाटला. त्याच्या आलेखात दोन शिखरं आहेत, एकसारखी, पहिलं थोडं उंच; मध्ये सुमारे चार-दशांश सेकंदाचा फरक. भिंगाचं वस्तुमान निघतं सूर्याच्या साधारण पंचावन्न हजार पट, म्हणजे दीर्घिका नव्हे, मधल्या आकाराचं कृष्णविवर. हा स्फोट आहे ३० ऑगस्ट १९९५ चा. वॉशिंग्टनची ती वादसभा झाली त्यानंतर चार महिन्यांनी तो नोंदला गेला, आणि पंचवीस वर्षं साठवणीत पडून होता. पाचिन्स्की २००७ मध्ये गेला. त्याला हे कळलं नाही. दावा अजून सर्वमान्य नाही. बी १९००+१४ चा अनुभव गाठीशी असताना तो चटकन मान्य होऊही नये. एकाच स्फोटाला आपणहून दोन सारखी शिखरं असू शकतात, ही शंका एका टिपकाच्या नोंदीवरून पूर्ण फिटत नाही.

म्हणून सध्या वेगळा मार्ग सुचवला जातो आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्ताव आहे. एकाच स्फोटाकडे दोन वेगळ्या जागांवरून बघायचं. वाटेत फार हलकं भिंग, म्हणजे एखादं अगदी छोटं आदिम कृष्णविवर असेल, तर एका उपग्रहाला स्फोट किंचित जास्त प्रखर दिसेल, दुसऱ्याला कमी. त्या फरकावरून अशी कृष्णविवरं किती असू शकतील याला मर्यादा घालता येईल का, याचं गणित पुण्याच्या आयुका आणि आयआयटीतल्या संशोधकांनी मांडलं आहे. उपग्रह एकमेकांपासून जितके दूर तितकं बरं, असं ते गणित सांगतं. वेलाची जोडी जशी लाख-लाख किलोमीटरवर होती, तशी.